बिब्ब्याचा वळ

"वळ कुठंय?" मी तिला विचारलं.

उत्तर तिच्या बापाने दिलं. "भितरनं हाय, डाक्टरसायेब. मुका मार हाय."

"मुका मार सगळेच सांगतात. दिसायला नको का काही?"

सोमवार होता, बाजाराचा दिवस. तालुक्याच्या त्या सरकारी दवाखान्यात बाजाराच्या दिवशी रांग फाटकाबाहेर जायची. गावाचं नाव सांगत नाही. तिथली काही माणसं अजून आहेत, आणि मला सांगायचंय ते त्यांच्याबद्दल नाही, माझ्याबद्दल. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो, नोकरीला दीड वर्ष झालं होतं आणि न्यायवैद्यकशास्त्रात मी विद्यापीठात पहिला आलो होतो. ही शेवटची गोष्ट मी त्या काळी ओळख झाल्यापासून पाच मिनिटांच्या आत कुणालाही ऐकवत असे. पदकाची डबी टेबलाच्या खणात असायची. उजव्या खणात, हाताशी.

तिचं नाव अनुसया मासाळ. वय चोवीस-पंचवीस, उन्हात रापलेला काळा रंग, काटक अंग. बाप बिरू लवटे मेंढपाळ, खांद्यावर घोंगडी, हातातली काठी दाराबाहेर टेकवून आलेला. आदल्या दिवशी, म्हणजे रविवारी दुपारी, नवऱ्याने तिला मारून घराबाहेर काढलं होतं. सात कोस चालत ती माहेरी आली होती. अडीच वर्षांची मुलगी मात्र सासरच्यांनी ठेवून घेतली होती. बिरू सकाळी पोलीस ठाण्यात गेला, तर हवालदाराने सांगितलं, आधी डॉक्टरचा दाखला आणा, मग तक्रार लिहून घेतो, तक्रार झाली की पोरीला आणायला शिपाई पाठवतो. थोडक्यात, पोर हवी असेल तर दाखला हवा. बिरूने मला हे दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना त्याने हात जोडले होते.

"कशाने मारलं?"

"काठीनं," अनुसया पहिल्यांदा बोलली. "अंगाव घोंगडी टाकली आन् वरनं काठीनं."

"घोंगडी कशाला?"

"वळ उठू नये म्हनून."

हे उत्तर मी ऐकलं. ऐकून पुढच्या माणसाचा केसपेपर हातात घेतला.

घुगे सिस्टर तिला पडद्याआड घेऊन गेल्या. तिथली दिव्याची नळी महिन्याभरापूर्वी गेली होती आणि खिडकीच्या काचेला कुणीतरी कधीकाळी निळा रंग फासून ठेवला होता. सिस्टर बाहेर आल्या. "सर, डोळ्यांना काही दिसत नाही. पण मांडीला आणि कमरेला हात लावू देत नाही ती. कळवळते."

मी आत गेलो. दंड पाहिले, ब्लाउजच्या वर दिसते तेवढी पाठ पाहिली, बाहेर आलो. मांडी पाहायला काहीच हरकत नव्हती, सिस्टर होत्या सोबत. रांग मोठी होती, बस्स, तेवढीच अडचण. नुसता पंजा ठेवून दाबलं असतं तरी सूज हाताला लागली असती. खोलवरचा मुका मार वर उमटायला दोन दिवस, कधी तीन दिवस घेतो. काळ्या कातडीवर तर तो आधी हाताला कळतो आणि मग डोळ्यांना. हे सगळं मी परीक्षेत लिहिलं होतं, सोबत आकृतीही काढली होती. त्या उत्तराला मला पैकीच्या पैकी मिळाले होते.

"हे बघा बाबा," मी बिरूला म्हणालो, "वळ दिसला की या. न दिसणारं मी काय लिहू?"

"दिसल्याव लिवून देनार?"

"लगेच."

"पक्कं?"

"अहो, पक्कं. चला, पुढचा."

केसपेपरवर मी 'अंगदुखी' असं लिहिलं आणि दोन दिवसांच्या गोळ्या दिल्या. मारहाणीच्या केसचं वेगळं रजिस्टर असतं. पोलिसांची यादी, म्हणजे तपासणीसाठीचं त्यांचं पत्र, असो नसो, त्यात नोंद करणं आणि दोन दिवसांनी पुन्हा तपासायला बोलावणं माझं काम होतं. रजिस्टर कपाटातच राहिलं. ती डावा पाय ओढत बाहेर गेली. ते मी पाहिलं, आणि दवाखान्यात शिरलं की सगळेच जरा जास्त लंगडतात, असं मनात म्हणालो.

बुधवारी ती परत आली तेव्हा वळ होता.

या खेपेला वळ बघून ठाण्यातले जगदाळे हवालदार सोबत आले होते आणि त्यांच्या हातात रीतसर यादी होती. बिरू दाराशीच उभा राहिला, हात घोंगडीत. अनुसयाने डाव्या दंडावरचा पदर बाजूला केला. दंडावर तळहाताएवढा काळपट तपकिरी डाग होता. मग तिने लुगडं गुडघ्याच्या वर चार बोटं सरकवलं, तिथेही तसाच एक. दोन्ही डागांच्या कडा वेड्यावाकड्या होत्या आणि कडेला बारीक बारीक फोड आले होते.

मी खुर्चीतून उठलो. खरं सांगतो, मला आनंद झाला. दीड वर्ष खोकला, जुलाब आणि विंचू बघून मी कंटाळलो होतो. पुस्तकातलं एक अख्खं पान उठून माझ्या टेबलासमोर येऊन उभं राहिलं होतं.

"खाजतंय का गं?"

"लई."

"उजवा हात दाखव."

तिने हात पुढे केला. अंगठ्याची आणि पहिल्या दोन बोटांची टोकं काळी पडली होती.

"सिस्टर, इकडे या. हे बघा. तुम्हालाही पुढे उपयोगी पडेल." मी भिंगसुद्धा काढलं. "मुका मार कधी खाजत नाही. त्याच्यावर फोड येत नाहीत. आणि डाग कुठे आहेत बघा. डाव्या दंडावर, डाव्या मांडीवर. उजवा हात सहज पोचतो तिथेच. बिब्बा आहे हा! दाभण तापवून बिब्ब्यात खुपसायचं, तेल निघतं ते अंगाला लावायचं. दिवसाभरात असा वळ तयार."

"आयला, बिब्बा!" जगदाळे हवालदार हसले. "म्हंजे आमालाच टोपी घालत हुती की बाई."

मेंढपाळाच्या घरात बिब्बा असतोच. मेंढराच्या खुरात काटा मोडला, माणसाच्या टाचेला भेग पडली की तोच लावतात. बिरू खाली फरशीकडे बघत होता.

"बिब्बा लावलास ना?" मी अनुसयाला विचारलं.

"व्हय," ती म्हणाली. मला वाटलं होतं, नाही म्हणेल, रडेल. तिने तसं काही केलं नाही. "वळ खोटा हाय सायेब. मार खरा हाय."

"मी मार लिहीत नाही, बाई. मी वळ लिहितो."

हे वाक्य मला फार आवडलं. त्याच संध्याकाळी क्लबात मी ते मामलेदारांना ऐकवलं, आणि त्यांनाही आवडलं.

घुगे सिस्टर माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या, कमी बोलणाऱ्या. त्या हळूच म्हणाल्या, "सर, वरची मांडी आणि कंबर बघून घेऊ का? अजून लंगडतेय ती."

"काही गरज नाही. जे मिळायचं ते मिळालंय."

"डाक्टरसायेब," बिरू दारातून म्हणाला, "तुमीच म्हनला हुता की, वळ—"

"ए म्हाताऱ्या, गप!" जगदाळे ओरडले.

मी बसलो आणि लिहायला घेतलं. इंग्रजीत, अर्धं पान भरून, माझ्या गोल अक्षरात. जखम बनावट, बिब्ब्याच्या तेलाने स्वतः केलेली, बोटांवर तेलाचे डाग, अन्य कुठलीही जखम आढळली नाही. शेवटचं वाक्य लिहिताना पेन थांबलंसुद्धा नाही. आढळली नाही हे खरंच होतं, कारण मी शोधलीच नव्हती. सही केली, शिक्का मारला, रजिस्टरातही तशीच नोंद केली. जगदाळ्यांनी कागदाची घडी केली आणि खिशाचं बटण लावलं.

"आन् माझ्या पोरीचं?" अनुसयाने विचारलं.

"पोरीचं सोड," जगदाळे म्हणाले. "खोट्या तक्रारीपायी तुलाच आत टाकाया लागंल. तू आदी त्यातनं सूट."

ती माझ्याकडे बघत होती. मी घंटी वाजवली.

शनिवारी दवाखाना अर्धा दिवस. मी निघायच्या तयारीत होतो, तेवढ्यात घुगे सिस्टर ड्रेसिंगच्या खोलीतून आल्या. "सर, जरा आत या."

"काय आहे?"

"तुम्ही याच."

अनुसया टेबलावर उजव्या कुशीवर पडली होती. एकटीच आली होती. बिब्बा चांगलाच उतला होता, दंडावरचे फोड फुटून पाणी वाहत होतं. सिस्टरांनी मांडीवरचे फोड पुसायला लुगडं वर घेतलं आणि मग आणखी वर घेतलं. ड्रेसिंगच्या खोलीला मोठी खिडकी होती आणि त्या खिडकीला निळा रंग नव्हता.

कमरेपासून गुडघ्याच्या मागपर्यंत तिची डावी बाजू हिरवीजर्द झाली होती. मधे जांभळं, सभोवार हिरवं आणि कडेने पिवळं पडायला लागलेलं. मार कमरेला आणि मांडीच्या मागे बसला होता, आतलं रक्त उतरत उतरत गुडघ्यापर्यंत आलं होतं. पाठीच्या खालच्या अंगालाही दोन पट्टे होते. उजव्याच काय, तिच्या कुठल्याच हाताला तिथे तशी काठी मारता आली नसती. बिब्ब्याच्या डागाखेरीज कुठे फोड नाही, कुठे ओरखडा नाही. घोंगडीने आपलं काम चोख केलं होतं.

मी हात ठेवला. सूज अजून होती. रंग मोजायला मला पुस्तक लागत नव्हतं. सहा दिवस. शनिवारातून सहा दिवस वजा केले की रविवार येतो.

सिस्टरांनी जुना केसपेपर मागितला. अनुसयाने कनवटीची घडी काढून दिली आणि सिस्टरांनी ती उलगडून माझ्यासमोर धरली. सोमवारची तारीख, आणि खाली माझ्या गोल अक्षरात 'अंगदुखी'.

"बिब्बा कुणी सांगितला तुला?" मी विचारलं. आवाज जरा चढलाच.

"कोन सांगंल? तुमी म्हनला वळ दिसला तर लिवतो. बानं इचारलं, पक्कं का, तुमी म्हनला पक्कं. मंगळवारपातूर वाट बगितली. वरनं काय दिसंना. मंग बानं बिब्बा काडला." ती थांबली. "बा आला न्हाय आज. तुमास्नी तोंड दावायची लाज वाटतीया त्येला. म्हनतो, म्याच लेकीला बुडवली."

खोलीत माशी घोंगावत होती. सिस्टर बोळा बुडवायचं सोडून उभ्या राहिल्या होत्या.

"ऊठ," मी म्हणालो. "नाही, पडून राहा. सिस्टर, रजिस्टर आणा. मी आत्ता लिहितो. हा रविवारचाच मार आहे, रंगावरून सिद्ध करून देतो. कोर्टात कुणी हलवू शकणार नाही असा दाखला देतो तुला."

"आन् बुधवारचा कागूद?"

बुधवारच्या कागदात लिहिलं होतं, अन्य कुठलीही जखम आढळली नाही. सही माझी होती, शिक्का माझा होता.

"त्यात चूक झाली, असं लिहावं लागेल."

"कुनाची?"

मी सिस्टरांच्या हातातला केसपेपर घेतला आणि त्याची घडी घातली. तिने मान उशीला टेकवली.

"नगं सायेब," ती म्हणाली. "बेस्तरवारी बिरोबाच्या देवळात बैठक झाली. हवालदारानं तुमचा कागूद वाचून दावला. समद्यांनी आयकलं. मला नाक घासाया लावलं नवऱ्याफुडं, सासूफुडं. आता दोनच्या यष्टीनं जायाचंय परत. पोरगी तितंच हाय. गेल्याबिगार हातात द्येत न्हाईत. तुमी आता नवा कागूद लिवला, तर माज्या आदी त्यो तितं पोचंल. मग पोरगी कुटली? म्या त्यासाटी आलेच न्हाय."

"मग कशासाठी आलीस?"

ती उठून बसली. लुगडं नीट केलं. मग उजवा हात माझ्यापुढे धरला. अंगठा आणि दोन बोटं अजून काळीच होती.

"ह्ये निगंल का? राखंनं घासलं, मातीनं घासलं, निगंना. सा दिस झालं, पोरीला घेतली न्हाय. म्या गेल्या गेल्या ती गळ्यात पडंल. लहान हाय, कातडं कवळं. माज्या हातानं तिला उतलं मंजी?"

मी सिस्टरांकडून खोबरेल घेतलं. खुर्ची ओढली, तिच्यासमोर बसलो आणि तिची बोटं एकेक करून कापसाने पुसली. नखांच्या कडा, पेरांच्या रेघा. तेल लावायचं, थांबायचं, पुसायचं. पदवी मिळाल्यापासून मी कुणाचे हात धुतले नव्हते. काळेपणा थोडासा गेला, बराच राहिला.

"हा डाग राहील काही दिवस. पण तेल सुकलंय. मुलीला काही होणार नाही."

"पक्कं?"

"पक्कं," मी म्हणालो.

ती उठली. मलमाची पुडी पदराला बांधली आणि डावा पाय ओढत निघाली. खिडकीतून मी तिला स्टँडच्या रस्त्याला लागताना पाहिलं. उजवा हात तिने अंगापासून जरा लांबच धरला होता.

सिस्टरांनी रजिस्टर टेबलावर आणून ठेवलं होतं, उघडून. "सर, तिला कागद देऊ नका. पण नोंद तरी करून ठेवा. आजची तारीख, रंग, मापं. मी सांगते मापं, मी पाहिलीत. उद्या तिचं काही बरंवाईट झालं तर कुठेतरी लिहिलेलं असू दे."

त्यांचं बरोबर होतं. पण नोंद झाली की ती बुधवारच्या नोंदीखाली आली असती. दोन्ही नोंदी एकाच अक्षरात, एकाच सहीने, आणि वाचणाऱ्याला पदकवाल्या डॉक्टरने काय केलं ते दोन ओळींत कळलं असतं.

"सोमवारी बघू," मी म्हणालो.

सिस्टरांनी रजिस्टर मिटलं आणि कपाटात ठेवलं. सोमवारी बाजार होता, रांग फाटकाबाहेर गेली होती. त्यांनी मला आठवण करून दिली नाही आणि मीही विषय काढला नाही. त्यानंतर त्यांची बदली होईपर्यंत वर्षभर आम्ही एकत्र काम केलं, पण त्यांनी मला पुन्हा कधी काही सुचवलं नाही.

आणखी एक सांगायचं राहिलं. ती 'नगं सायेब' म्हणाली ना, तेव्हा मला हायसं वाटलं होतं. तिचे हात पुसताना, तेल लावताना, मनातून मला सुटल्यासारखं वाटत होतं. आज मी साठी ओलांडलीय, बरंच काही विसरलोय, पण ते वाटणं काही विसरता आलेलं नाही.

पुढे तीन वर्षांनी पोलिओच्या रविवारी तपासणीसाठी मी तालुक्याच्या अगदी टोकाच्या एका गावात गेलो होतो. शाळेच्या ओसरीवर बूथ होता. तिथली बाई जेवायला गेली म्हणून मीच खुर्चीत बसून डोस पाजत होतो. एका बाईने कडेवरचं तान्हं मूल टेबलावर ठेवलं. तिच्या पदराला धरून पाच-सहा वर्षांची एक मुलगी उभी होती, दोन वेण्या घातलेली, नाकात लहानशी चमकी.

मी वर पाहिलं. अनुसया होती. गालफडं बसली होती. समोरचा एक दात नव्हता. आम्ही दोघांनी एकमेकांना ओळखलं. मुलाच्या तोंडात दोन थेंब सोडले, आणि मला राहवेना.

"बरी आहेस ना गं?"

तिने मुलीला जवळ ओढलं. मुलीच्या खांद्यावरचा तिचा हात मी पाहिला, बोटं आता स्वच्छ होती. मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, रागाने नाही, अगदी रोजचं बोलावं तसं, "बगा की सायेब. वळ दिसतोय का कुटं?"

मागे रांग होती. मी खाली मान घातली, मुलाची करंगळी धरली आणि नखावर शाईची खूण केली.